मुक्या पिक्चरचा प्रॉम्प्टर

बारा वर्षं मी आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर होतो आणि या बारा वर्षांत एकाही प्रेक्षकानं नाटकात माझं तोंड पाहिलं नाही. याचा मला बराच राग होता. नाटक मीच लिहायचो, तालीम मीच घ्यायचो आणि मंडईच्या दिवशी डाव्या विंगेत कंदील आणि वही घेऊन मीच बसायचो. टाळ्या मात्र पुढे उभ्या असणाऱ्यांच्या. शाळेत मुलं मला घाबरत, एवढंच काय ते समाधान.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडून वैनगंगेकडे जाताना लागतं. नदीपलीकडे वडसा, म्हणजे नव्यानं वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. दिवाळी झाली की या पट्ट्यात गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि मंडईला नाटक नसेल तर पाहुणे वर्षभर टोमणे मारतात. आमच्याकडे नाटक नटाच्या पाठांतरावर चालत नाही, प्रॉम्प्टरच्या आवाजावर चालतं. दिवसभर धान कापून आलेला माणूस संवाद कधी पाठ करणार? विंगेतून वाक्य आलं की तो ते उचलतो आणि प्रेक्षकांत फेकतो. चांगला नट कोणता, तर उचललेलं वाक्य स्वतःचं वाटायला लावणारा.

असा एकच नट आमच्याकडे होता. तो गावचा कोतवाल. वयानं माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. डफडं वाजवून दवंडी द्यायचं त्याचं काम. त्याची दवंडी नदीच्या घाटापर्यंत ऐकू जायची असं लोक म्हणत, आणि मी स्वतः ती घाटावर उभं राहून ऐकलेली आहे. भाऊला अक्षर येत नव्हतं. त्याचे सगळे संवाद माझ्या तोंडून त्याच्या कानात आणि तिथून लोकांत जायचे. तो उजवा पाय किंचित पुढे टाकायचा, डावा कान विंगेकडे कलवायचा, वाक्य घ्यायचा आणि मग जे काही करायचा ते मी बारा वर्षं तोंड उघडं ठेवून पाहिलं. नाटक संपल्यावर रंग पुसता पुसता त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "गुरुजी, आज तुमचा आवाज मांगं पडला." मी दरवर्षी चिडायचो. तो दरवर्षी हसायचा.

एका उन्हाळ्यात भाऊच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला आणि आवाज गेला. पावसाळ्याच्या तोंडावर तो गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून परत आला तेव्हा ओठ हलायचे, पण पानाची सळसळ व्हावी एवढाही आवाज निघत नव्हता.

नोकरी वाचली ती वहिनींमुळे. वहिनी म्हणजे भाऊची बायको, धानाच्या रोवणीला जाणारी, मोजकं बोलणारी. दवंडीच्या दिवशी भाऊ डफडं वाजवायचा आणि वहिनी दोन पावलं मागून चालत मजकूर सांगायच्या. सुरुवातीला पोरं हसली. मग सवय झाली. तलाठ्यानंही काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्या तलाठ्याला आजही चांगलाच माणूस म्हणतो.

मी भाऊला शाळेतली एक पाटी दिली आणि रोज संध्याकाळी अक्षरं गिरवायला लावली. पन्नाशीच्या माणसाला अ आ शिकवणं सोपं नाही. माझा आवाज चढायचा. तो शांतपणे पुसायचा आणि पुन्हा काढायचा.

एक दिवस वहिनी शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, यायचं जेवण सुटलं. नाटकाचा पेटारा उघडून बसून राह्यते दिवसभर. यायले एक डाव लोकायपुढं उभं करा जी. नाई तं हे माणूस असंच विझून जाईन."

मी म्हटलं, "वहिनी, नाटकात आवाजाशिवाय कसं उभं करू?"

"ते तुम्ही पाहा. तुम्ही शिकले सवरले माणूस." एवढं बोलून त्या निघून गेल्या. शिकल्या सवरल्या माणसाला रात्रभर झोप आली नाही.

डी.एड. करताना नागपूरला एका फिल्म मंडळात मी काही जुने मुके सिनेमे पाहिले होते. आवाज नाही, तरी लोक हसत होते, रडत होते. ते आठवलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. ब्रह्मपुरीत एक फोटो स्टुडिओवाला होता. त्यानं कोणाकडून तरी आठ मिलिमीटरचा कॅमेरा विकत घेतला होता आणि मोठ्या लग्नांत तो मिरवायचा. त्या कॅमेऱ्यात आवाज येतच नव्हता. म्हणजे भाऊ आणि कॅमेरा, दोघांचं जमण्यासारखं होतं.

मी सायकल मारत ब्रह्मपुरीला गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "कॅमेरा माझा, मेहनत माझी, फुकट. पण रोल आणि धुलाईचा खर्च तुमचा. रोल मुंबईले पाठवा लागते. आणि एक रोल तीन मिनिटात खतम, हे ध्यानात ठेवा." हा माणूस लग्नात नवरीच्या बापाशी पैशावरून भांडायचा. मला त्यानं फुकट म्हटलं याचं कारण मी विचारलं नाही. पुढे कळलं की लहानपणी त्यानं भाऊचं एक नाटक आमच्या गावच्या चिंचेवर बसून पाहिलं होतं.

खर्चाला एकच जागा होती, मंडळाची वर्गणी. खळं झालं की गावात घरटी पायलीभर धान नाटकासाठी निघतं, ते राइस मिलवाल्या शेठकडे जमा होतं. शेठच मंडळाचे अध्यक्ष. मी बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं की यंदा नाटक नको, वर्गणीतून भाऊचा पिक्चर काढू. भाऊ कोपऱ्यात खांबाला टेकून बसला होता.

मग शेठ म्हणाले, "मुकं पिक्चर पाहाले पाहुणे कायले येतीन, गुरुजी?"

दुसरा म्हणाला, "नाटक नाई तं मंडई कायची?"

मला राग आला आणि मी नको ते बोललो. म्हणालो, बारा वर्षं याच्या जिवावर गावानं कॉलर ताठ ठेवली, आता त्याचा गळा गेला तर तुमची नजरही गेली का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोक उठायला लागले. तेवढ्यात दारातून वहिनी आत आल्या. बैठकीत बायका येत नसत. त्यांनी पदराखालून पायलीभर धान काढलं, सतरंजीवर ओतलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरची वर्गणी." उठलेले लोक खाली बसले. शेठनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि वर्गणीची वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "लिहा जी." त्या वर्षी आमच्या गावात नाटक झालं नाही, आणि पाहुण्यांचे सगळे टोमणे गावानं ऐकून घेतले. मी त्या गावाचा अजून ऋणी आहे.

गोष्ट मी माझ्याच एका जुन्या नाटकाची घेतली. एक नावाडी असतो. नदीला पूर येतो, गावाला पलीकडे जायचं असतं, पण भाड्याला कोणाकडे काही नसतं. शेवटी नावाडी काठावर उभा राहून बोलतो, "नाव माझी आहे, पण नदी सगळ्यांची आहे. ज्याला पलीकडे जायचंय त्यानं बसावं. भाडं मी पलीकडे गेल्यावर मागतो." इथे भाऊ थांबायचा. सगळं मैदान थांबायचं. मग तो म्हणायचा, "आणि पलीकडे गेल्यावर मी मागत नाही." या ओळीसाठी लोक नाटकाला यायचे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती पाठ होती.

माझ्या डोक्यात पिक्चर वेगळा होता. नागपुरी शहाणपण होतं ना. कोणी बोलणार नाही, फक्त नदी, नावाड्याचा डोंगा, डोळे. भाऊनं पाटीवर लिहिलं, "बोलीन." मी समजावलं, आवाज येणारच नाही. त्यानं बोट "बोलीन"वर ठेवलं आणि काढलं नाही. शेवटी मी हात टेकले.

पौषात घाटावर शूटिंग सुरू झालं. पाणी उतरलेलं, त्यामुळे पूर कसा दाखवायचा हा प्रश्न होता, तो आम्ही न दाखवूनच सोडवला. खरा प्रश्न पहिल्याच शॉटला आला. कॅमेरा सुरू झाला, भाऊ उभा राहिला आणि ओठच हलवेना. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं की तो वाक्याची वाट पाहतोय. मी कॅमेऱ्याजवळ, भाऊच्या डाव्या हाताला उभा होतो. वही काढली आणि वाचायला लागलो. लगेच त्यानं कान कलवला, वाक्य घेतलं आणि ओठांनी फेकलं. बाकीच्या चार नटांचंही तेच. वाक्य आल्याशिवाय कोणी तोंड उघडेना.

स्टुडिओवाला ओरडला, "गुरुजी, आवाज येतच नाई तं तुम्ही काऊन वाचून राह्यले?"

"मी वाचलं नाही तर हे बोलत नाहीत."

"पण ते बोलले तरी ऐकू कुठी येते?"

मी वाचत राहिलो.

शेवटचा शॉट शेवटच्या रोलवर होता. भाऊ डोंग्यात पाय ठेवून उभा. "भाडं मी पलीकडे गेल्यावर मागतो" झालं आणि नदीवरून वारा आला. माझ्या वहीची पानं फडफडली, जागा हरवली. ओळ मला पाठ होती, पण बारा वर्षांच्या सवयीनं मी पान शोधत बसलो. भाऊ कान माझ्याकडे कलवून उभाच. स्टुडिओवाला दातओठ खात म्हणत होता, "फिलम चालून राह्यली, फिलम चालून राह्यली." अखेर मला पान सापडलं, मी वाक्य टाकलं, भाऊनं ते घेतलं आणि रोल संपला.

महिन्याभरानं मुंबईहून रोल धुऊन आले. तुकडे जोडून आम्ही ते स्टुडिओच्या भिंतीवर पाहिले आणि मी कपाळावर हात मारला. अख्ख्या पिक्चरमध्ये प्रत्येक माणूस बोलण्याआधी डावीकडे कान करत होता. सगळ्या गावाचा डावा कान दुखतोय असं वाटावं. आणि शेवटी तर भाऊ कितीतरी वेळ नुसता वाकून उभा. मंचावर नाटक पाहताना हे कधी खटकलं नव्हतं, तिथे विंग असते. पिक्चरमध्ये विंग नसते हे मला, एका शिकल्या सवरल्या माणसाला, सुचलं नव्हतं.

तरी मी तो नागपूरला घेऊन गेलो, त्याच फिल्म मंडळात. तिथल्या एका गृहस्थांनी सगळा पिक्चर शांतपणे पाहिला, चहा पाजला आणि विचारलं, "तुमचे नट नेमकं कोणाचं ऐकतायत?" त्यांनी ते कुत्सितपणे विचारलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मग मी जत्रेतल्या टुरिंग टॉकीजवाल्याला गाठलं, म्हटलं तुमच्या खेळाआधी पंधरा मिनिटं हा लावा. त्यानं माझी रिळं हातात घेतली आणि म्हणाला, "गुरुजी, हे माझ्या मशीनच्या दाढेतही बसणार नाही." त्याची फिल्म दोन बोटं रुंद, माझी करंगळीएवढीही नाही. मी रिळं कपाटात ठेवून दिली. भाऊ रोज संध्याकाळी पाटी घेऊन यायचा, कपाटाकडे एकदा पाहायचा आणि काही विचारायचा नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दसरा झाला तसे शेठ स्वतः शाळेत आले.

"गुरुजी, गावचं धान कुठी गेलं?"

मी सगळं सांगितलं. कान, वारा, नागपूर, टॉकीज. ते म्हणाले, "मले त्यातलं समजत नाई. गावानं पैसा देल्ला, गाव पाहीन. चांगलं का वाईट ते मंग."

स्टुडिओवाल्यानं नागपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरकडून घरगुती प्रोजेक्टर आणला. त्याचा दिवा एवढा मिणमिणता की चित्र खाटेएवढंच पडायचं, आणि तेही पक्क्या अंधारात. मंडईच्या मैदानात, गॅसबत्त्या आणि पाळण्यांच्या उजेडात, काही दिसणार नव्हतं. शेठनी मिलचं धानाचं गोदाम दिलं. एका भिंतीला चुना लावला, खिडक्यांना पोती ठोकली. मिल चालू असली की गावातला विजेचा दाब पडायचा, म्हणून मंडईच्या दिवशी, ऐन हंगामात, त्यांनी मिल दुपारभर बंद ठेवली. बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या. शेठ दारात खुर्ची टाकून बसले आणि गाडीवाल्यांचं ऐकत राहिले.

सकाळीच भाऊनं डफडं वाजवलं आणि वहिनींनी दवंडी दिली, "दोन वाजता मिलच्या गोदामात कोतवालाचं पिक्चर हाय हो." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

गोदामात एका वेळी दीडेकशे माणसं मावत होती, म्हणून पाळ्या केल्या. पहिली पाळी बसली. प्रोजेक्टर खडखडला, भिंतीवर घाट आला, भाऊ आला. मग मागून आवाज आला, "हे काय बोलून राह्यले? आवाज कुठी गेला?" कुजबुज वाढली. भाऊ माझ्या बाजूलाच उभा होता. मी अंधारातही त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो.

तेवढ्यात माझ्या हातात काहीतरी आलं. नाटकाची वही. भाऊ ती घरच्या पेटाऱ्यातून दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आला होता. त्यानं मला दंडाला धरलं आणि भिंतीच्या कडेला नेऊन उभं केलं. जिथे विंग असती तिथे.

भिंतीवर भाऊनं कान कलवला, थेट माझ्याकडे. मी सवयीनं वाक्य दिलं. त्याचे ओठ हलले. "मोठ्यानं वाचा," कोणीतरी म्हणालं. मी मोठ्यानं वाचलं. म्हणजे वाचलं कसलं, अंधारात अक्षर दिसत नव्हतं, वही नुसती हातात होती. प्रत्येक वाक्याआधी नट कान करायचा आणि मला कळायचं की आता. ज्या चुकीसाठी मी ती रिळं कपाटात कोंडली होती तीच आता माझा हात धरून चालवत होती. पाचही नटांचे संवाद मी म्हटले. शेवटच्या ओळीला गोदामभर टाळ्या पडल्या, आणि पहिल्यांदाच लोक माझं तोंड पाहत होते. मला ते फारसं आवडलं नाही हे कबूल करतो.

संध्याकाळपर्यंत चार पाळ्या झाल्या. पलीकडून, वडशाच्या बाजूनं, डोंग्यातून लोक आले. शेवटची पाळी बायकांची. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची लेकरं, आणि पहिल्या रांगेत वहिनी. चारदा बोलून माझा घसा बसत आला होता, पण पुढे मी अडलो ते त्यामुळे नाही. भिंतीवर भाऊ डोंग्यात पाय ठेवून उभा राहिला, मी म्हटलं, "भाडं मी पलीकडे गेल्यावर मागतो," आणि माझी नजर वहिनींवर गेली. त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि त्या भिंतीकडे पाहत नव्हत्या. डोळे मिटून नुसत्या ऐकत होत्या. पुढच्या ओळीचा शब्द वर येईना.

भिंतीवर भाऊ कान करून थांबला होता. घाटावर वाऱ्यानं पानं उडवली तेव्हाचं ते थांबणं, माझ्या चुकीचं. अख्ख्या गोदामाला ती ओळ पाठ होती, पण कोणी बोललं नाही. ती भाऊची ओळ होती. मी वहीत पाहिलं, काळोख. तेवढ्यात दंडावर हात आला. भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला, प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचा चेहरा अर्धा दिसत होता. तो माझ्याकडे वाकला आणि ओठांनी, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, मी त्याला बारा वर्षं द्यायचो तसं वाक्य त्यानं मला दिलं. मी कान नाही, डोळे पुढे केले. त्याच्या ओठांवरून उचललं आणि म्हटलं, "आणि पलीकडे गेल्यावर मी मागत नाही." भिंतीवरचा भाऊ तेव्हाच बोलला.

नंतर पोती काढली, उजेड आला. बायका भाऊभोवती जमल्या, एका म्हातारीनं त्याची दृष्ट काढली. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि वाकून नमस्कार करायला लागल्या. मी त्यांना मधेच थांबवलं, कारण तो मीच करायला हवा होता. त्यांना, शेठना, फुकट कॅमेरा देणाऱ्याला, एक मंडई नाटकाविना काढणाऱ्या सगळ्या गावाला. तेव्हा केला नाही. आता करतो.

मी वायरी गुंडाळत होतो. भाऊ पाटी घेऊन आला, पोत्यावर बसला आणि लिहू लागला. बराच वेळ लागला. तोवर त्यानं एकेक शब्दच लिहिला होता, अख्खं वाक्य कधी नाही. पाटी त्यानं माझ्यापुढे धरली तेव्हा तो हसत होता. अक्षरं वाकडीतिकडी, पण सगळी होती.

"गुरुजी आज तुमचा आवाज मांगं पडला."